कोलेस्टेरॉलच्या गोळीने बुरशी मरते, पण कुठे?

शेजारच्या काकूंनी एका संध्याकाळी मला जिन्यातच थांबवलं. हातात मोबाइल होता. "तू त्या लॅबमध्ये होतीस ना गं? मग मला एक सांग. कोलेस्टेरॉलच्या गोळीने काळी बुरशी मरते असं यात लिहिलंय. ह्यांना दहा वर्षं तीच गोळी चालू होती. मग ह्यांनाच कशी झाली?"

२०२१च्या मे महिन्यात काकांना म्यूकरमायकोसिस, म्हणजेच काळी बुरशी, झाला होता. वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला आणि डावा डोळा गेला. काका आज घरात हिंडतात, पेपर वाचतात, पण त्या दोन महिन्यांतलं इंजेक्शन शोधत फिरणं काकू विसरलेल्या नाहीत. त्यांच्या प्रश्नात राग होता आणि तो रास्त होता.

मी मायक्रोबायोलॉजी शिकले आणि काही वर्षं बुरशांवर औषधांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. त्यामुळे मला ठाऊक होतं की काकूंनी वाचलेली बातमी खोटी नव्हती. स्टॅटिन या गटातल्या औषधांनी, म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन वगैरेंनी, प्रयोगशाळेत बुरशीची वाढ खरोखर थांबते. आणि काकांना बुरशी झाली हेही खरंच. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते जिन्यात उभं राहून सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात जपानपासून करावी लागेल. अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ टोकियोत सँक्यो या औषध कंपनीत काम करत होते. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध त्यांना हवं होतं. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होताना एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम कळीचं असतं, हे तोवर माहीत झालं होतं. ते अडवणारा पदार्थ कुठे सापडेल? एंडोंनी लावलेला तर्क मला आजही फार सुंदर वाटतो. जमिनीत, धान्यावर, कुजक्या पानांवर असंख्य सूक्ष्मजीव एकमेकांच्या उरावर बसून जगतात आणि अन्नासाठी सतत भांडतात. त्यातल्या अनेकांना आपल्या पेशीभोवतीचा पडदा बनवायला कोलेस्टेरॉलसारखेच पदार्थ लागतात. मग एखाद्या बुरशीने शेजाऱ्याचा हा कारखानाच बंद पाडणारं विष तयार केलं असेल, तर?

१९७१पासून दोन वर्षांत त्यांच्या गटाने सहा हजारांच्या वर सूक्ष्मजीव तपासले. अखेर क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ सापडला. तोच पहिला स्टॅटिन, कॉम्पॅक्टिन. उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर तो चालेना, तेव्हा काम जवळपास गुंडाळलं जाणार होतं. मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिल्यावर त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. पुढे अमेरिकेत मर्क कंपनीने अ‍ॅस्परजिलस टेरियस या दुसऱ्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढलं आणि १९८७ मध्ये ते बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन ठरलं.

या कथेतला एक तुकडा सहसा सांगितला जात नाही. १९७६ मध्ये, एंडोंचं काम प्रसिद्ध होत होतं त्याच सुमारास, ब्रिटनमध्ये बीचम कंपनीच्या संशोधकांनी पेनिसिलियमच्याच दुसऱ्या जातीतून हुबेहूब तोच पदार्थ वेगळा केला. त्यांनी आपल्या निबंधात त्याचं वर्णन केलं ते 'बुरशीनाशक पदार्थ' म्हणून. कॉम्पॅक्टिन हे नावही त्यांचंच. एकाच रेणूत जपानमध्ये हृदयाचं औषध दिसलं आणि ब्रिटनमध्ये बुरशीचं. पुढची तीस वर्षं हृदयाच्या बाजूने धो धो पैसा आणि माणसं लागली, बुरशीची बाजू कपाटात पडून राहिली. म्हणून आज 'कोलेस्टेरॉलचं औषध बुरशीवरही चालतं' ही बातमी नवलाची वाटते. खरं तर ते आधी बुरशीचंच हत्यार होतं.

मग ज्या बुरशीने हे विष बनवलं ती स्वतः कशी जगते? तिने सोय करून ठेवलेली असते. लोव्हास्टॅटिन बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच, हे विष ज्याला अडवतं त्या एन्झाइमची एक जादा प्रत बनवणारं जनुकही असतं.

आता हे विष नेमकं कुठे लागतं, ते बघू. मुंबईहून निघालेल्या दोन गाड्या डोळ्यासमोर आणा. एकीला पुण्याला जायचंय, दुसरीला गोव्याला. वाशीची खाडी दोघींना ओलांडावी लागते, पनवेलपर्यंत रस्ता एकच. पळस्पे फाट्यावर गोव्याची गाडी वेगळी होते. आपल्या पेशी आणि बुरशीच्या पेशी अशाच आहेत. दोघी एकाच कच्च्या मालापासून निघतात, मेव्हॅलोनेट नावाच्या टप्प्यावरून जातात आणि लॅनोस्टेरॉलपर्यंत एकाच रस्त्याने येतात. तिथे फाटा फुटतो. आपली गाडी कोलेस्टेरॉलला पोचते, बुरशीची एर्गोस्टेरॉलला. एर्गोस्टेरॉल हे बुरशीचं कोलेस्टेरॉल. ते नसेल तर तिच्या पेशीचा पडदा धड राहत नाही.

बुरशीवरची नेहमीची औषधं फाट्याच्या पुढे गोव्याच्या रस्त्यावर काम करतात. पोसाकोनाझोल, व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही '-कोनाझोल' मंडळी लॅनोस्टेरॉलच्या फाट्यालाच बुरशीची गाडी अडवतात आणि आपल्या गाडीला फारसा त्रास देत नाहीत. अ‍ॅम्फोटेरिसिन बी तर रस्त्याच्या शेवटी, तयार एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं आणि पडदा निकामी करतं. (याच जातीचं हॅमायसिन हे औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून सापडलं होतं. त्या जिवाणूच्या जातीला 'पिंप्रिना' असं नाव दिलं गेलं. पुण्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?) स्टॅटिन मात्र वाशीच्या पुलावर, म्हणजे मेव्हॅलोनेट बनवणाऱ्या त्या एचएमजी-कोए रिडक्टेजवर, नाकाबंदी लावतं. तिथे पुण्याची गाडीही थांबते आणि गोव्याचीही. त्याची ताकद यातच आहे आणि अडचणही.

प्रयोगशाळेत हे तपासतात कसं? बाहेरून मोठं गूढ वाटतं, पण मूळ कल्पना स्वयंपाकघरातली आहे. मीठ किती घातलं म्हणजे लोणचं नासत नाही, एवढंच शोधायचं असतं. फक्त मोजमाप काटेकोर.

तळहातापेक्षा थोडी मोठी, पारदर्शक प्लॅस्टिकची एक प्लेट असते. तिच्यात आठ ओळी आणि बारा रकाने, म्हणजे ९६ छोटे खळगे. प्रत्येकात जेमतेम चार-पाच थेंब मावतात. त्यात बुरशीचं अन्न असलेला एक द्राव भरतात. तो फिकट गुलाबी असतो, पातळ केलेल्या रोझ सिरपसारखा. पहिल्या खळग्यात औषधाची मात्रा सर्वात जास्त, पुढच्यात तिच्या निम्मी, त्याच्या पुढे त्याच्या निम्मी. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, अशी मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये उतरत जाणारी पायरी. एका खळग्यात औषध मुळीच नाही, तिथे बुरशी मोकळी वाढली पाहिजे. आणखी एका खळग्यात बुरशीच नाही, तो स्वच्छच राहिला पाहिजे. हे दोन साक्षीदार नसतील तर बाकीची प्लेट टाकून द्यायची.

मग बुरशी घालायची. म्यूकरच्या रोगात सर्वाधिक सापडणारी रायझोपस ही बुरशी बशीत वाढवली की एका रात्रीत म्हातारीच्या कापसासारखी फुगते, झाकणाला जाऊन टेकते. तिच्यावर मिरीच्या भुकटीसारखे राखाडी-काळे ठिपके येतात, त्यात बीजाणू भरलेले असतात. बशीचं झाकण उघडताना श्वास रोखला जायचा, अजूनही आठवतं. हे काम काचेमागे, हवा गाळून घेणाऱ्या कॅबिनेटमध्येच करायचं, कारण बीजाणू उडाला की सगळ्या लॅबभर बुरशी. बीजाणू द्रावात मिसळून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, प्रत्येक खळग्यात सारखेच पडतील असे सोडायचे. नंतर प्लेट ३५ अंश सेल्सिअसवर ठेवायची. रायझोपसला एक दिवस पुरतो, अ‍ॅस्परजिलसला दोन.

दुसऱ्या दिवशी प्लेट आरशावर धरून खालून बघायची. औषध कमी असलेल्या खळग्यांत तळाशी पांढरी लव दिसते, पाण्यात पडलेल्या कापसाच्या बोळ्यासारखी. पुढे सरकत गेलं की एका खळग्यापासून ती अचानक नाहीशी होते, गुलाबी पाणी नितळ दिसतं. त्या पहिल्या नितळ खळग्यातली मात्रा म्हणजे एमआयसी, बुरशीला रोखणारी किमान मात्रा. सगळ्या खटाटोपातून हा एक आकडा हाती लागतो.

स्टॅटिनच्या बाबतीत एक जादा पायरी लागते आणि ती विसरली तर प्रयोग फसतो. लोव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन गोळीत झोपलेल्या रूपात असतात, रेणूचं एक टोक वळून कडं झालेलं असतं. पोटात गेल्यावर शरीर ते कडं उघडतं आणि मग औषध जागं होतं. खळग्यात शरीर नाही. तेव्हा आधी अल्कलीने ते कडं आपण उघडायचं. शिवाय बरीचशी स्टॅटिनं पाण्यात धड विरघळत नाहीत. ती आधी दुसऱ्या द्रावकात विरघळवायची आणि मग तो द्रावक एकटाच बुरशीला मारत नाही ना, यासाठी वेगळा खळगा ठेवायचा. काम किचकट आहे, पण विश्वास ठेवायचा तर याच्यावाचून चालत नाही.

असे प्रयोग २००६पासून जोरात झाले. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या गटाने लोव्हास्टॅटिन म्यूकर घराण्यातल्या बुरशांवर वापरून पाहिलं. कॅन्सरच्या रुग्णालयाला यात रस असण्याचं कारण होतं. रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना अ‍ॅस्परजिलसपासून वाचवण्यासाठी व्होरिकोनाझोल दिलं जातं. म्यूकरच्या बुरशा मात्र त्याला मुळीच दाद देत नाहीत, त्यांच्यातलं ते फाट्यावरचं एन्झाइमच थोडं वेगळं असतं. एका बुरशीपासून वाचवलेला रुग्ण दुसरीच्या तावडीत सापडायचा. या गटाला दिसलं की लोव्हास्टॅटिनने म्यूकरच्या बुरशा रोखल्या जातात, आणि एकट्याने निष्प्रभ असलेलं व्होरिकोनाझोल लोव्हास्टॅटिनच्या जोडीने चालू लागतं. हंगेरीतल्या सेगेडच्या संशोधकांनी वेगवेगळी स्टॅटिनं घेऊन हेच काम पुढे नेलं. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने कँडिडा या आणखी एका बुरशीवर आणि अ‍ॅस्परजिलसवर परिणाम दाखवला.

जोडीने मारा करण्याचा प्रयोग दिसायलाही छान असतो. त्याच ९६ खळग्यांत एक औषध आडव्या ओळीत पायऱ्यापायऱ्यांनी कमी करत जायचं, दुसरं उभ्या रकान्यात. बुद्धिबळाच्या पटासारखी प्रत्येक घरात वेगळी जोडी तयार होते. समजा, एका औषधाची एकट्याची एमआयसी ३२ आहे आणि दुसऱ्याची १६. जोडीत मात्र पहिलं ४ आणि दुसरं २ घालूनच बुरशी थांबली. एकट्याची पुरी मात्रा म्हणजे एक रुपया धरला, तर ४ भागिले ३२ म्हणजे पाव रुपयाचेही निम्मे, साडेबारा पैसे. २ भागिले १६, तेही साडेबारा. बेरीज पंचवीस पैसे. ही बेरीज पन्नास पैशांच्या आत आली तर दोन्ही औषधं एकमेकांना खरी साथ देतात असं मानतात. चार रुपयांच्या वर गेली तर ती एकमेकांच्या पायात पाय घालतात.

बुरशी मेली ती वाशीच्या पुलावरच्या नाकाबंदीनेच, दुसऱ्या कशाने नाही, हे कसं ठरवायचं? पुलाच्या पलीकडचा माल बुरशीला आयता द्यायचा. द्रावात मेव्हॅलोनेट किंवा तयार एर्गोस्टेरॉल घातलं आणि स्टॅटिन असूनही बुरशी पुन्हा वाढू लागली, की खात्री पटते. तसं झालेलं दिसलं आहे. पण ऑस्ट्रेलियन गटाच्या प्रयोगात एर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल घातलं तरी बुरशी सावरली. हा लहानसा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

बुरशी माणसाच्या शरीरात वाढते तेव्हा ती कोलेस्टेरॉलच्या कोठारात बसलेली असते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस रक्तद्रवातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेते आणि स्वतःच्या पडद्यासाठी वापरते, हे प्रयोगांत दिसलं आहे. कारखाना बंद पडला तर बाहेरून माल आणायचा. गुलाबी द्रावात तो मिळत नाही, म्हणून तिथे बुरशी उपाशी मरते.

उरलेलं अर्धं उत्तर आकड्यांत आहे. लॅबमध्ये रोगकारक बुरशा रोखायला स्टॅटिनच्या बऱ्याचदा मिलिलिटरला दहा-वीसपासून शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत मात्रा लागतात. रोजची अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची गोळी घेतल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी मोजली जाते ती नॅनोग्रॅममध्ये, काही नॅनोग्रॅम ते काही दशक नॅनोग्रॅम. एक हजार नॅनोग्रॅम म्हणजे एक मायक्रोग्रॅम. समजा, बुरशीला ३२ मायक्रोग्रॅम हवेत आणि रक्तात २० नॅनोग्रॅम आहेत. तर फरक १६०० पटींचा झाला. कपभर चहात घातलेली साखर दोनशे लिटरच्या पिंपभर पाण्यात ढवळा आणि चाखून बघा. गोडी लागेल का?

त्यातही रक्तातलं बहुतेक स्टॅटिन प्रथिनांना चिकटून बसतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं प्रमाण ९८ टक्के किंवा त्याहून जास्त. मोकळं उरतं ते दोन टक्के. शिवाय ही औषधं यकृतात जावीत हाच त्यांचा हेतू आहे, कारण कोलेस्टेरॉल मोठ्या प्रमाणात तिथे बनतं. गोळी आतड्यातून शोषली गेली की पहिला मुक्काम यकृत. सिमव्हास्टॅटिनचा तर पाच टक्क्यांहूनही कमी भाग यकृत ओलांडून सक्रिय रूपात उरलेल्या शरीराला मिळतो. काकांची बुरशी होती नाकाच्या पोकळीत आणि जबड्यात. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, म्हणून तिथलं मांस काळं पडतं आणि रोगाला 'काळी' हे नाव मिळतं. बुरशी स्वतः काळी नसते. (कांद्याच्या सालीवरच्या काळ्या बुरशीने म्यूकर होतो, असे मेसेज त्या काळात घरोघर फिरले आणि लोकांनी कांदे फेकून दिले. ती काजळी अ‍ॅस्परजिलस नायजरची असते, तिचा म्यूकरशी संबंध नाही.) जिथे रक्तच पोचत नाही, तिथे रक्तातून जाणारं कुठलंही औषध कसं पोचणार? म्हणून तर सर्जनला मेलेलं मांस खरवडून काढावं लागतं.

मग गोळ्या वाढवून द्याव्यात का? हे करून पाहिलेलं आहे, कारण मात्र वेगळं होतं. नव्वदच्या दशकात कॅन्सरच्या काही रुग्णांना लोव्हास्टॅटिन नेहमीच्या कितीतरी पट, वजनाच्या दर किलोला रोज २५ मिलिग्रॅम आणि काहींना त्याहूनही जास्त, देण्यात आलं. तेव्हाही रक्तातली पातळी मिलिलिटरला जेमतेम काही मायक्रोग्रॅमपर्यंतच गेली आणि स्नायूंना इजा होऊ लागली. वाशीच्या पुलावर आपल्याही गाड्या अडतात, हे इथे आठवावं. स्टॅटिनने स्नायू तुटू लागले की त्यांचा कचरा मूत्रपिंडात जाऊन साचतो. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणाने २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं.

काचेतल्या यशाने हुरळून जाऊ नये याचं एक उदाहरण युगांडातलं आहे. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध क्रिप्टोकॉकस या बुरशीला लॅबमध्ये चांगलं मारत होतं. ही बुरशी एचआयव्हीच्या रुग्णांच्या मेंदूच्या आवरणात शिरते. सर्ट्रालिन मेंदूत पोचतं, स्वस्त आहे, वापरातलं आहे. सगळं जुळत होतं. ४६० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला आणि रुग्ण वाचण्यात काहीच फरक दिसला नाही. चाचणी केली म्हणूनच ते कळलं, नाही तर डॉक्टर भाबड्या आशेने ते लिहून देत राहिले असते.

स्टॅटिन आणि म्यूकर यांचा संबंध माणसांत कुणी शोधला नाही असं नाही. ह्यूस्टनच्याच गटातल्या एका तज्ज्ञाने २००७ मध्ये एक तर्क मांडला. अमेरिकेत मधुमेह वाढतोय, तरी मधुमेहींमधले म्यूकरचे रुग्ण कमी झालेले दिसतात. त्याच काळात मधुमेहींना सर्रास स्टॅटिन सुरू झालं. हा त्याचा परिणाम असेल का? तर्क म्हणून तो चांगला होता आणि तर्क म्हणूनच मांडला होता. पण नेमाने स्टॅटिन घेणारा मधुमेही बहुधा साखरही नेमाने तपासतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. बुरशी दूर राहिली ती गोळीमुळे की शिस्तीमुळे, हे नुसत्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

आणि मग २०२१ आलं. जुलैपर्यंत देशात म्यूकरचे ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्रातच नऊ हजारांवर. कोविड, भडकलेली साखर आणि स्टेरॉइडचे डोस एकत्र आले की रायझोपसला रान मोकळं मिळतं. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि रायझोपसला लोहाची हाव असते. पांढऱ्या पेशीही मंदावतात. काकांची साखर त्या आठवड्यात चारशेच्या वर होती. अशा वेळी दहा वर्षांची कोलेस्टेरॉलची गोळी रक्तातल्या त्या वीस नॅनोग्रॅमनिशी काय करणार होती? काकूंना मी हेच सांगितलं. ती गोळी काकांच्या हृदयासाठी होती आणि ते काम ती करत होती.

यात एक धोका लपलेला आहे आणि बातम्यांत तो क्वचितच येतो. लॅबमध्ये स्टॅटिन आणि '-कोनाझोल' यांची जोडी जमते. माणसाच्या शरीरात हीच जोडी घातक ठरू शकते. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही अंशी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांना यकृतातलं एक ठरावीक एन्झाइम मोडून बाहेर काढतं. पोसाकोनाझोल, व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल तेच एन्झाइम अडवून धरतात. मग स्टॅटिन साचत जातं, पातळी कित्येक पटींनी वाढते आणि स्नायू तुटू लागतात. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन या औषधांबरोबर देऊच नयेत असा स्पष्ट इशारा आहे, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा डोस कमी करावा किंवा ते काही काळ थांबवावं लागतं. म्यूकरमधून उठलेले रुग्ण महिनोन् महिने पोसाकोनाझोल घेतात. त्यांच्या रोजच्या डबीत आधीपासून कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर ती कुठली, हे बुरशीचं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. हृदयाचे डॉक्टर वेगळे, कान-नाक-घशाचे वेगळे, दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशव्यांत, असं घरोघरी असतं. मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखू लागल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंदही करायची नाही, कारण ज्याला हृदयविकाराचा धोका आहे त्याचं त्याने वेगळंच नुकसान होईल.

प्रॅव्हास्टॅटिन हे स्टॅटिन त्या एन्झाइमवर अवलंबून नाही, म्हणून या बाबतीत ते बरंच निर्धोक. पण बुरशीवरच्या बहुतेक प्रयोगांत सर्वात फिकं ठरलेलं स्टॅटिनही तेच. ते पाण्यात सहज विरघळणारं आहे, बहुधा म्हणूनच बुरशीच्या पेशीत शिरायला त्याला अवघड जातं.

मग हे प्रयोग वाया गेले का? मला तसं वाटत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रायझोपसला एमआयसीपेक्षाही कमी स्टॅटिनमध्ये ठेवलं गेलं. ती मेली नाही, पण तिची रोग करण्याची ताकद घटली. नुसत्या नितळ खळग्याकडे बघून हे कधीच कळलं नसतं. दुसरीकडे, कोनाझोल औषधांना न जुमानणाऱ्या काही अ‍ॅस्परजिलसमध्ये बदल सापडला तो नेमका एचएमजी-कोए रिडक्टेजच्या जनुकात. म्हणजे फाट्यावर अडवणाऱ्या औषधातून सुटायला बुरशीने वाशीच्या पुलावर फेरफार केला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशांची यादी काढली तेव्हा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वात वरच्या गटात ठेवलं, म्यूकरच्या बुरशांना त्याखालच्या. माणसाच्या एन्झाइमला न शिवता फक्त बुरशीच्या एन्झाइमला अडवणारा रेणू घडवता आला, तर पुलावर आपली गाडी सुटेल आणि तिचीच थांबेल.

आणखी एक वाट आहे, औषध पोटातून न देता थेट जागेवर लावण्याची. आपल्याकडे उसाचं पातं किंवा भाताची लोंबी डोळ्याला लागून बुबुळावर बुरशी येते आणि शेतात राबणाऱ्यांची दृष्टी जाते. तिथे नाटामायसिनचे थेंब टाकतात. थेंबांत औषध रक्तातल्या पातळीच्या हजारो पट दाट ठेवता येतं, यकृत आणि पोटऱ्या मध्ये येत नाहीत. सोळाशे पटींचा तो फरक भरून निघायचा असेल तर अशा जागीच निघू शकतो, आणि स्टॅटिनच्या पुढच्या प्लेटा मांडायच्या तर माझ्या मते त्या डोळ्यातल्या फ्युझेरियम या बुरशीवर आणि अ‍ॅस्परजिलसवर मांडाव्यात.